टाकीत पाणी: शून्य

माणसाने आकाश जिंकलं ते धैर्याच्या बळावर, असं इतिहास छातीठोकपणे सांगतो. इतिहासाचं बरं आहे. त्याला कडाक्याच्या थंडीत सकाळी सात वाजता विमानाच्या पोटाखाली उकिडवं बसावं लागत नाही. डॉक्टरांना बसावं लागे. आकाश आपल्या जागी, वर. डॉक्टरांचा निम्मा हिवाळा टाकीच्या तळाच्या तोटीखाली काचेची पेली धरण्यात जाई.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, तेही निवृत्त. विमान म्हणजे एकामागे एक दोन खुर्च्या, लाकडी सांगाड्यावर ताणलेलं कापड आणि पुढे पंखा. ते डॉक्टरांपेक्षा चार वर्षांनी मोठं होतं आणि गुडघ्यांच्या बाबतीत त्यांच्याहून सुखी होतं. पेलीचं कारण सोपं. टाकीत पाणी साचलं तर ते पेट्रोलखाली तळाशी बसतं आणि तोटी उघडली की आधी बाहेर येतं. आलं तर काढून टाकायचं, नाही आलं तर उडायचं. डॉक्टर रोज पेली उजेडात धरत, एक डोळा मिटत आणि वहीत लिहीत: ‘पाणी: शून्य.’ अशी एक्केचाळीस शून्यं झाली होती. शून्यांचा एवढा अभिमान असलेला दुसरा माणूस पंचक्रोशीत नव्हता.

आणि गेल्या रविवारी, हजार फुटांवर, इंजिन अडखळलं. तीनदा ठसकलं, चार सेकंद गप्प बसलं आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू झालं. डॉक्टर निमूटपणे खाली उतरले. घरी आल्यावर त्यांनी जेवता जेवता सांगितलं, “आज जरासं खाकरलं हो इंजिन.”

“खाकरलं की थांबलं?” बायकोने विचारलं.

“खाकरताना माणूस थांबतोच की थोडा.”

“अहो, चाळीस वर्षं तुमच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर मी बसलेय. ‘जरासं दुखतंय’ म्हणत येणाऱ्याचा निम्मा जबडा सुजलेला असायचा.”

तिने फ्रिजच्या दारावर चिकटवलेल्या पत्राकडे बोट केलं. पत्र वस्तुसंग्रहालयाचं होतं. डॉक्टरांचं विमान छताला टांगायला मिळालं तर त्यांना आनंद होणार होता. छताला लोखंडी आकडेसुद्धा बसवून तयार होते. शनिवारी शेजारच्या गावच्या धावपट्टीवर जुन्या विमानांचा मेळावा होता. बायकोने निकाल दिला. ती स्वतः मागच्या खुर्चीवर बसून येणार. जाता-येता इंजिन एकदाही ठसकलं नाही तर विमान डॉक्टरांचं. ठसकलं, तर आकड्यांचं.

“आणि कारण न सापडता उडायचं नाही,” ती म्हणाली. “मला नातवंडं बघायची आहेत.”

“आहेत की दोन.”

“मोठी झालेली बघायची आहेत.”

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांना सल्ल्यांचा सुकाळ झाला. फ्लाइंग क्लबात विमानं पाच आणि तज्ज्ञ एकोणीस. कुणी प्लगला दोष दिला, कुणी हवेला. क्लबचे अध्यक्ष म्हणाले, पेट्रोलमध्ये थोडं अल्कोहोल घाला, पाणी गोठत नाही.

“पण पाणी नाहीच आहे!” डॉक्टरांनी वही पुढे केली. अध्यक्षांनी सगळी शून्यं चाळली आणि ते हिरमुसले. कागदावर लिहिलेल्यापुढे तेही काही करू शकत नव्हते.

विमानाचा मिस्त्री म्हणजे डॉक्टरांचा मेहुणा. खिशात सदैव पाना, म्हणून बहीण त्याला पान्या म्हणे. त्याने तीन दिवस इंजिन उलगडलं, पुसलं आणि परत जोडलं. “दाजी, इंजिनात खोट नाही,” तो म्हणाला. “इतकं स्वच्छ झालंय की आता यात जेवण वाढावं.”

गुरुवारी सकाळी बायको चहाचा थर्मास घेऊन हँगरवर आली. हँगर म्हणजे तीन बाजूंनी पत्रा आणि चौथ्या बाजूने वारा. पारा शून्याखाली आठवर. डॉक्टर विमानाखाली बसले होते, पान्या शेजारी उभा होता. त्यांनी तोटी दाबली, पेली भरली, उजेडात धरली आणि विजयी मुद्रेने वर केली.

“बघ! थेंब नाही. आज बेचाळिसावा दिवस.”

बायकोने पेलीकडे पाहिलंच नाही. तिने टाकीच्या पत्र्याला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं काढून घेतलं.

“अहो, एक विचारू? भूल दिल्यावर, दात सुन्न असताना, तुम्ही रोग्याला विचारायचात का, दुखतंय का म्हणून?”

“छे! सुन्न असताना विचारून काय कळणार? तो नाहीच म्हणणार. भूल उतरल्यावर विचार...”

डॉक्टर थांबले. पान्या थांबला. थर्मासचं झाकण बायकोच्या हातात अर्धवट फिरलं होतं, तेही थांबलं. मग डॉक्टर हळूहळू उठले, आणि उठताना त्यांचं डोकं पंखाच्या खालच्या कडेवर आपटलं. पण तिकडे लक्ष द्यायला त्यांना वेळ नव्हता.

“पान्या, शून्याखाली आठमध्ये पाणी तोटीतून येईल का रे?”

“नाही येणार, दाजी,” पान्या खजील होऊन म्हणाला. “बर्फ होऊन तळाला चिकटून बसेल. आणि विमान हादरलं की त्याचे खडे सुटून गाळणीत अडकतील.”

“म्हणजे बेचाळीस दिवस मी सुन्न टाकीला विचारतोय.”

“आणि ती बिचारी नाही म्हणतेय,” बायको म्हणाली. “चहा घ्या, निवतोय.”

उबदार जागा अख्ख्या विमानतळावर एकच, अग्निशामक गाडीची खोली. तिथला फायरमन अकरा वर्षं एकही आग न लागल्यामुळे पत्त्यांत तरबेज झाला होता. गाडी बाहेर काढायला तो खळखळ करू लागला. “आग लागली तर?” “लागली तर आम्ही गाडी ढकलू,” पान्या म्हणाला. शेवटी गाडी बाहेर आली, विमान आत गेलं, पंख खिडकीपासून चार बोटांवर राहिले. चौघांनी दुपारपर्यंत पत्ते खेळले. बायको जिंकली.

दोन वाजता डॉक्टरांनी पेली लावली. आधी निळसर पेट्रोल आलं. मग पेलीच्या तळाशी एक मणी लोळला, मग दहा, मग स्पष्ट थर. दुसरी पेली निम्मी पाण्याची. तिसरीतही होतं. पाचवीला कुठे टाकी खरं बोलून मोकळी झाली. गाळणीच्या वाटीत बोटाच्या पेराएवढा गढूळ पाण्याचा साठा निघाला.

“आलं कुठून एवढं?” फायरमनने विचारलं.

“अर्धी टाकी ठेवतात ना दाजी, पेट्रोल शिळं होऊ नये म्हणून,” पान्या म्हणाला. “वरच्या मोकळ्या अर्ध्यात हवा. रात्री गारठा पडला की तिच्यातल्या ओलाव्याचं दव होतं, पत्र्यावरून ओघळून खाली. रोज थोडं थोडं.”

निष्ठेने केलेली चूक पचायला जड असते. आळसाने केलेलीला निदान आराम तरी मिळालेला असतो. डॉक्टरांनी वही उघडली, बेचाळीस शून्यांवर एक लांब तिरकी रेघ मारली आणि खाली लिहिलं: ‘भूल उतरल्यावर तपासावे.’ मग टाकी काठोकाठ भरली, म्हणजे दव धरायला हवाच उरली नाही. उरलंसुरलं ओलं गोठू नये म्हणून अध्यक्षांचं अल्कोहोलही घातलं, पण अंदाजपंचे नव्हे. हिरडीत भूल द्यायच्या जुन्या सिरिंजने, पान्याने सांगितलं तेवढंच, थेंब मोजून. सिरिंज दिसताच फायरमनने नकळत गालावर हात ठेवला.

शनिवारी विमान उबेतून बाहेर आलं, पुन्हा एकदा तोटी तपासली गेली, आणि बायको दोन स्वेटर, एक कोट आणि डॉक्टरांचा मफलर घालून मागच्या खुर्चीत शिरली. शिरली म्हणजे पान्याने तिला बसवली, जशी ट्रंक बसवतात.

वर गेल्यावर ऊन होतं. खाली शेतांवर बर्फाचा पातळ थर, छपरांतून सरळ वर जाणारा धूर, आणि इंजिनाचा एकसुरी, गुबगुबीत आवाज. डॉक्टरांचा सगळा जीव त्या आवाजात. मध्येच मागून “ठस्स!” झालं. त्यांचं काळीज तळाशी बसलं.

“शिंकले मी!” बायको ओरडली. “पुढे बघा!”

ते पुढे बघू लागले. इंजिन चालत राहिलं. थोड्या वेळाने तिने हात पुढे करून त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. दवाखान्यातल्या चाळीस वर्षांत दोघांच्या मध्ये कायम एक भिंत होती. इथे नुसती कापडी खुर्चीची पाठ. येतानाही इंजिन एकदाही ठसकलं नाही, आणि उतरल्यावर बायको म्हणाली, “राहू दे तुमच्याकडेच. छताला टांगलं तर धूळ कोण पुसणार?”

डॉक्टरांनी वहीत लिहिलं: जाताना एकतीस मिनिटं, येताना सव्वीस.

गाडीने हाच प्रवास एकवीस मिनिटांचा आहे.