साधाच चिमटा

सायकलचं पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे जे दोन पाय असतात, त्यांना माझी मुलगी वेदिका फोर्क म्हणते आणि रंगनाथ मेकॅनिक चिमटा म्हणतो. मला चिमटाच आवडतो. पण याच शब्दानं गेल्या आठवड्यात माझा पारा असा चढवला की विचारू नका.

आधी हातांचं सांगते. दोन वर्षांपूर्वी मला केमो घ्यावी लागली. आजार गेला, पण जाताना बोटांची जाणीव घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, आणि कदाचित नाहीही येणार. तेव्हापासून मी कापसात राहते. वाटाणे सोलते ते डोळ्यांनी. ब्लाउजचे हूक लावायला आरसा लागतो. आणि ही तीच बाई, जिनं तीस वर्षं सरकारी कचेरीत कीबोर्डकडे न बघता टायपिंग केलं! बरं, या कापसाची सवयही होते. सकाळी खिडकीत बसलं की ऊन, समोरच्या झाडावरचे बुलबुल, दूधवाल्याची स्कूटर, सगळं लांबून आल्यासारखं वाटतं. पुरतं जागं व्हायची गरजच पडत नाही. मग कधीतरी एकदम भीती वाटते, की असंच चाललं तर मी एक दिवस सगळीच्या सगळी झोपेत जाईन. ही भीती मी कुणाला सांगितली नव्हती.

एकदा पोळ्या करताना करंगळी तव्याला टेकली, आणि मला पत्ताच नाही. वास आधी माझ्या नवऱ्याला, गोविंदना, आला. त्याच संध्याकाळी ते लांब दांड्याचा स्टीलचा चिमटा घेऊन आले.

सायकलचं वेड लागलं ते स्वप्नामुळे. माझं माहेर त्र्यंबकेश्वरचं. स्वप्नात मी शाळकरी असायची आणि तिथल्या उतारावरून सायकल सोडलेली असायची. पुढे ब्रह्मगिरी धुक्यात, पायडल मारायचं कामच नाही. आणि हँडल गार लागायचं. जाग आली की तो गारवा मी तळहातात शोधत बसायची. चार वेळा असं झाल्यावर गच्चीवर पडलेली वेदिकाची कॉलेजातली सायकल खाली काढायला लावली. गोविंद कुरकुरले. डॉक्टर मात्र म्हणाले, चालवा, ब्रेक नीट दाबता येत असेल तर. दाबता येत होता. जोर शाबूत होता, गेलं होतं ते कळणं.

सायकलचा चिमटा वाकलेला होता. तिडके कॉलनीत रंगनाथचं दुकान आहे. मूळचा कळवणचा, हातात कसब आहे आणि तोंडाला उसंत नाही.

"काकू, हा बदलावाच लागंल," तो म्हणाला. "शॉकपचा, स्प्रिंगवाला टाकू का साधा? शॉकपचा लय मऊ चालतो, खड्डा कळत बी नाय. पण जड हाय, अन् डांबरी रस्त्याला त्याची एवढी गरज नाय. साधा हलका. फक्त त्यात सगळा रस्ता हातात येतो."

वेदिकानं पुण्याहून तीन व्हिडिओ पाठवले आणि वर फोन केला. "आई, सस्पेन्शनच घे. तुझ्या हातांना धक्के नकोत."

रंगनाथनं शॉकपवाली एक सायकल चालवायला दिली. मी समोरच्या मैदानाला दोन चकरा मारल्या. काय सांगू! पाळण्यात बसल्यासारखं. चाकाखाली दगड येत होते, दिसत होते, आणि माझ्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं. झाडं तेवढी मागे सरकत होती. उतरले तेव्हा पेंग आल्यासारखं झालं होतं. म्हटलं, शॉकपचाच टाक. हे काही फार विचार करून म्हटलं नाही, बरं वाटलं म्हणून म्हटलं.

सोमवारी सकाळी सायकल न्यायला गेले तर पुढे साधा चिमटा!

"रंगनाथ, हे काय?"

"काकांनीच सांगितलं ना!" तो चक्रावला. "शॉकपचा आणून ठेवलाय, हा बघा भिंतीला. म्हटलं टाकायच्या आधी एकदा पक्कं विचारावं. तुमचा फोन लागंना, म्हणून काकांना लावला. म्हटलं, काका, काकूंच्या चिमट्याचं काय करू, भारीतला का साधा? ते म्हणले, साधाच द्या, हलका असतो, तिच्या हाताला जड नको."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या घरात चिमटा म्हणजे एकच, तव्याजवळचा. मीच आठवडाभर त्या चिमट्याचा स्क्रू ढिला झालाय म्हणून गोविंदच्या मागे लागले होते, आणि ते भांड्याच्या दुकानात नव्याचं सांगून आले होते. यांनी फोनवर नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, माझ्या सायकलचा निकाल लावून मोकळे!

"दुपारपर्यंत बदलून देतो," रंगनाथ म्हणाला.

"राहू दे. आधी तुझ्या काकांचा समाचार घेते."

आणि रागाच्या भरात तशीच निघाले. पहिला खडखडाट कॉलनीतल्या पेव्हर ब्लॉकवर झाला. हँडल थरथरत होतं ते डोळ्यांना दिसत होतं. कापसातून कुणीतरी दार वाजवावं तसं काहीतरी कोपरापर्यंत येत होतं. मी मनात गोविंदना सुनावायची वाक्यं जुळवत होते. इंदिरानगरच्या बोगद्याजवळ गतिरोधकांच्या बारीक पट्ट्या लागल्या. एक, दोन, तीन... सहाव्या पट्टीला उजव्या तळहातात, अंगठ्याच्या खाली, मुंग्या आल्या. मी वाक्य विसरले. बोगद्यात सावली होती, मागच्या गाड्यांचे हॉर्न पाण्याखालून आल्यासारखे वाटत होते, आणि मी त्या एवढ्याशा जागेकडे लक्ष लावून पायडल मारत होते. ती जाणीव गेली तर? हलूच नये असं वाटलं.

बाहेर आले तर उन्हानं डोळे दिपले आणि समोरचा खड्डा दिसलाच नाही. चाक धाडकन आत गेलं. हातातून खांद्यापर्यंत कळ गेली. खरीखुरी, सणसणीत कळ. तोंडातून "आई गं" निघून गेलं. मी कडुनिंबाखाली थांबले, हँडल घट्ट धरलं आणि रस्त्यावर उभी राहून रडले. एका रिक्षावाल्यानं विचारलं, "लागलं का मावशी?" मी हो म्हटलं. इतक्या आनंदानं हो म्हटलं असावं, की तो घाबरून निघूनच गेला.

घरी गोविंद दारातच उभे होते. रंगनाथचा फोन येऊन गेला होता. चेहरा अगदी ओशाळलेला.

"माझंच चुकलं गं. मला वाटलं भांडीवाला. रंगनाथला सांगितलंय, उद्या बदलून देतोय."

"बदलायचा नाही."

"रागावू नकोस. वेदिका पण म्हणत होती, धक्के..."

"अहो, हात दुखतोय."

त्यांनी घाईघाईनं माझा उजवा हात ओढून खिडकीशी नेला, चष्मा कपाळावर सरकवून तळवा पाहिला, उलटा करून पाहिला, एकेक बोट वेगळं करून पाहिलं. दोन वर्षं माझ्या हाताला काहीही झालं, तरी ते आधी त्यांनाच सापडायचं आणि मग ते मला सांगायचे.

"कुठे? काहीच दिसत नाहीये मला."

"दिसायचं नाहीच," मी म्हटलं. "दुखतंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. समजायला त्यांना थोडा वेळ लागला. मग ते तिथेच खुर्चीवर बसले, माझा हात दोन्ही हातांत धरून, आणि किती तरी वेळ विचारत राहिले, इथे? आणि इथे?