घडीत गेलेली घळ

मी एक जुना नकाशा आहे, मित्रांनो. लाल खडकांच्या वाळवंटात धरणाने नदी अडवून जे पॉवेलचे तळे झाले, त्या तळ्याचा. त्याला फुटलेल्या शंभराच्या वर घळी माझ्या अंगावर आहेत. एक मात्र पुसली गेली. चाळीस वर्षे ती गोष्ट माझ्या पोटात आहे आणि आज ती तुम्हाला सांगून टाकणार आहे.

माझा जन्म सॉल्ट लेकच्या एका छापखान्यात झाला. कागद मेणाचा, शाई ताजी आणि निळा रंग तर इतका की मला स्वतःचाच हेवा वाटे. पेट्रोल पंपावरच्या फिरत्या मांडणीतून कनाब गावच्या वर्लने मला उचलले. वर्ल माणूस भला, पण हाताचा धसमुसळा. माझ्या घड्या छापखान्यातच ठरवून घातलेल्या होत्या. त्या त्याने एकदाही पाळल्या नाहीत. दिसेल तसे मला दुमडायचे आणि शर्टाच्या खिशात कोंबायचे, हा त्याचा खाक्या. त्याची बायको नेड्रा म्हणे, "अरे, रुमाल आहे का तो?" आणि मला परत नीट करायला घेई. पण तोपर्यंत माझ्या छातीवर एक आडवी, परकी घडी पडली होती. ती घासत गेली, तिच्यावरची शाई उडाली, आणि एका अरुंद घळीचे तोंड त्या शाईबरोबर गेले.

ती घळ वरच्या मोठ्या घळीला अगदी चिकटून होती. माझ्यावर दोघींत नखाएवढे अंतर होते. घडी पडल्यावर दोन्ही मिळून एकच दिसू लागली.

तरी ती वर्षे माझ्या सुखाची होती. दर जानेवारीत, रविवारचे चर्च आटोपले की मला जेवणाच्या टेबलावर पसरत. एका कोपऱ्यावर चीजच्या बटाट्यांचे भांडे, दुसऱ्यावर गाजर घातलेली हिरवी जेली. मे महिन्यातली सुट्टी कुठे काढायची, हाउसबोट कुठल्या वाळूवर लावायची, स्वयंपाक कुणी करायचा, संडासाची टाकी कुणी रिकामी करायची, याच्या चिठ्ठ्या निघत. टाकीची चिठ्ठी नेमकी नेड्राच्या भावाला, आर्डेनला येई. "वर्ल, तूच लबाडी करतोस," तो म्हणे. "तुझं नशीबच तसलं वासाचं, त्याला मी काय करू?" वर्ल म्हणे, आणि सगळे हसत. त्या हसण्याने मी टेबलावर थरथरत असे.

आर्डेन गुरे राखणारा माणूस. त्याला पोहता येत नव्हते. त्याच्या वयाच्या कुणालाच येत नसे, कारण ते लहान होते तेव्हा तळेच नव्हते.

तळे पहिल्यांदा काठोकाठ भरले, त्या मे महिन्यात चर्चला कॉफी चालत नसे म्हणून सकाळी गरम कोको पीत आर्डेनने मला गुडघ्यावर घेतले. पेन्सिलीने एक टिंब काढले आणि म्हणाला, "इथे मासे बघतो. जेवायला येतोच." टिंब नेमके त्या घडीवर पडले. छोटी बोट घेऊन तो गेला तो गेलाच. दुपारी वारा सुटला आणि संध्याकाळी रिकामी बोट मधल्या प्रवाहात डोलत सापडली.

वर्लने रेडिओवरून शोधपथकाला बोलावले. मला सुकाणूवर पसरून त्याने टिंब पाहिले आणि वरच्या घळीचे नाव सांगितले. मला ओरडायचे होते. पण कागदाला तोंड कुठले? सहा दिवस ते वरची घळ चाळत राहिले. खालच्या घळीचे तोंड बाहेरून खडकाला गेलेल्या चिरेसारखे दिसे. त्याच्यावरून सगळ्या बोटी येत-जात होत्या.

तिसऱ्या दिवशी नेड्रा बोटीच्या पुढच्या टोकावर उभी राहून हाक मारत होती. "आर्डेन! आर्डेन!" खडकांनी ते नाव परत दिले. आणि मग, जरा थांबून, खडकांच्या पलीकडून कुठून तरी आले, "नेडी..."

ती दचकली. "वर्ल, ऐकलंस?"

"प्रतिध्वनी आहे गं. खडक बोलतात इथे."

"मी आर्डेन म्हणाले. खडक नेडी कशाला म्हणेल?"

वर्लने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तीन दिवस तुझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. बस जरा खाली."

नेडी तिला फक्त आर्डेन म्हणत असे. ती खाली बसली, आणि सहाव्या दिवशी सगळे घरी परतले. मला खणात टाकले. जुन्या पावत्या आणि बंद पडलेली घड्याळे यांच्यात मी चाळीस वर्षे पडून होतो. नेड्रा पुन्हा तळ्यावर गेली नाही. कधीकधी ती खण उघडून माझ्याकडे पाही, ओठ हलवी आणि खण लावून घेई. आपण वेडे आहोत की काय, हे तिला कुणाला विचारता येत नव्हते.

मग यंदाच्या जानेवारीत त्यांची नात शेल्बी हिने बेत काढला. आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षे, सगळ्यांनी तळ्यावर जायचे. तिने मला शोधून काढले आणि शेजारी फोन ठेवला. फोनमध्ये आकाशातून काढलेला तळ्याचा फोटो होता. मी बघतच राहिलो. माझे निम्मे निळे आता खोटे झाले होते. पाणी आटून तळे हाडकले होते, बोटी उतरवायचे उतार कोरड्या मातीत संपत होते.

"आजोबा, इथे तर दोन घळी आहेत," शेल्बी म्हणाली. तिने मला खिडकीच्या उजेडात धरले. पेन्सिल कागदात रुतली होती ती जागा तिला दिसली. "आणि हे टिंब खालच्या घळीत आहे."

वर्लच्या हातातला चमचा तसाच राहिला. नेड्रा म्हणाली, "सुट्टी तिथेच काढायची."

"नेड्रा, पोरांची सुट्टी आहे ही. कशाला उकरून काढतेस?"

"मला एवढंच बघायचंय, की मी खरं ऐकलं होतं की नाही."

"आणि खरं निघालं तर?" वर्लने विचारले. त्याचा आवाज मला ओळखूच आला नाही.

मे महिन्यात वर्ल, नेड्रा आणि शेल्बी असे तिघे छोट्या बोटीने चिखलापर्यंत गेले आणि पुढे चालत निघाले. मी वर्लच्या खिशात होतो. त्याचे काळीज धडधडत होते, ते मला लागत होते. घळीत पाणी नव्हते. वाळलेल्या गाळावर शिंपले करकरत होते आणि एकही पाखरू बोलत नव्हते. पाणी जिथवर चढले होते तिथवर खडक पांढरा पडला होता, पार डोक्यावर, घरावर घर ठेवले तरी हात पोचणार नाही इतका उंच. त्या पांढऱ्या पट्ट्याच्या जरा वर एक कपार होती.

शेल्बीने दुर्बीण लावली. "फटीत गळाचा दांडा रोवलाय, आजी. उभा. आणि भिंतीवर रेघा आहेत." कुणी आधी पाहिल्याही असतील, पण पोरांनी ओरबाडल्या असे म्हणून पुढे गेले असतील. ती मोजू लागली आणि तिचा आवाज हळूहळू बारीक झाला. "नऊ. दहा. अकरा."

बोट वाऱ्याने सुटली होती. पोहता न येणारा आर्डेन कपारीवर चढून वाट बघत बसला होता. पायाशी पाणी होते, वर सरळ भिंत होती, आणि पलीकडच्या घळीतून त्याला सगळ्यांच्या हाका ऐकू येत होत्या. सहाव्या दिवशी त्या थांबल्या. त्यानंतर त्याने आणखी पाच रेघा ओढल्या.

वर्लने टोपी काढली आणि गाळातच बसला. "मीच नाव सांगितलं गं. मीच."

नेड्रा वर पाहत राहिली. "मी ऐकलं होतं," ती एवढेच म्हणाली. मग तिने मला त्याच्या खिशातून काढले. मला वाटले, आता फाडणार. फाडले असते तर मला बरे वाटले असते. तिने मला दगडावर पसरले आणि रडत रडत माझ्या छापखान्यातल्या घड्या एकेक करून घातल्या.

मित्रांनो, नकाशा त्याच्या घडीतच मिटा. ते काम मिनिटाचेही नाही. आणि कुणी हरवले असेल, त्याला शोधताना हाक ऐकू आली, तर आधी जागच्या जागी थांबा आणि नीट ऐका. त्या तिसऱ्या दिवशी मी सुकाणूजवळ होतो, म्हणून मला ठाऊक आहे. वर्लने इंजिन बंद केले नव्हते.