भरतेशअण्णा हवेत आहेत

सांगलीच्या कृष्णाकाठ फ्लाइंग क्लबात उडण्यापेक्षा खाणं जास्त चाले. यात सभासदांचा दोष नव्हता. पॅराग्लायडरची छत्री वाऱ्यावर उघडते आणि वाऱ्याने कधी क्लबाची वेळ पाळली नाही. दर रविवारी मंडळी कवठे महांकाळच्या पुढच्या माळावर जमत, छत्र्या अंथरून ठेवत आणि वारा येईपर्यंत बसून राहत. बसल्या बसल्या माणूस किती वेळ आकाशाकडे बघणार? मग डबे उघडत. कुणी थालीपीठ आणलेलं असे, कुणी भडंग. कधी कधी वारा यायचा तेव्हा सगळ्यांची पोटं इतकी भरलेली असत, की उडण्याआधी लागतं तेवढं पळायला कुणी तयार नसे.

क्लब काढला होता सुभेदार तानाजीरावांनी. फौजेतून निवृत्त झाल्यावर घरात बसवेना म्हणून त्यांनी चार हौशी माणसं गोळा केली. उडायला शिकवायची प्रांजल. ती त्याच भागातली, धनगराच्या घरची. तिच्या आज्याने ज्या माळांवर मेंढरं चारली, तिथेच ती आता माणसं पळवत होती. वय पंचविशीचं, बोलणं मोजकं, आणि तिने “पळा” म्हटलं की डॉक्टर असो की वकील, पळायचाच.

आणि या सगळ्यांची बडदास्त ठेवायचे भरतेशअण्णा.

अण्णांची मार्केट यार्डात हळदीची अडत होती. देह भरभक्कम, स्वभाव त्याहून. क्लबाच्या उद्घाटनाला खुर्च्या पोचवायला म्हणून ते आले, एका खुर्चीवर स्वतः बसले आणि पुढे येतच राहिले. त्यांनी शिकायची फी भरली, वर्गात बसून वाऱ्याचं सगळं शास्त्र शिकून घेतलं. गवताकडे बघून वारा कुठून येतोय, किती टिकेल, हे ते सांगत. फक्त एक गोष्ट व्हायची राहिली होती. तीन वर्षांत अण्णांचे पाय जमिनीवरून सुटले नव्हते.

याला त्यांच्याकडे कारण होतं आणि ते बिनतोड होतं. नवशिक्याला उडायला वारा शांत लागतो. सकाळचा वारा शांत, पण सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन अभिषेक केल्याशिवाय अण्णा घराबाहेर पडत नसत. दुपारी ऊन तापलं की हवा उसळ्या मारते, तेव्हा नवशिक्याने उडायचं नसतं. राहिली संध्याकाळ. तर दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचा त्यांच्या घरचा नेम. म्हणजे वारा लोण्यासारखा मऊ होई, नेमक्या त्याच वेळी अण्णा डबा उघडून बसलेले असत. देवाधर्माचं कारण असल्यावर कोण काय बोलणार?

घोटाळा झाला तो एका फोटोमुळे. मेढ्याच्या डोंगरावर क्लबाची सहल गेली होती. तिथे कुणीतरी अण्णांना हेल्मेट घातलं, पट्टे बांधले, मागे लाल-पिवळी छत्री फुगवली आणि फोटो काढला. फोटोत अण्णा असे दिसत होते, की आत्ताच ढगातून उतरलेत किंवा पुढच्या क्षणी निघतील. त्यांच्या पत्नीने, राजमतीबाईंनी, तो मोठा करून घेतला आणि दुकानात गादीच्या वर लावला. तिथून तो समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. लोक अण्णांना रस्त्यात थांबवून वर थंडी वाजते का, भीती वाटते का, असं विचारू लागले. अण्णा खोटं बोलले नाहीत. ते नुसते हसत आणि वाऱ्याबद्दल काहीतरी सांगत.

मग मार्चमध्ये समाजाचे सेक्रेटरी भाऊसो दुकानात आले. महिला मंडळाची बस साताऱ्याकडे सहलीला निघाली होती. तिचा मुक्काम मेढ्याला ठेवलाय, क्लबही त्या दिवशी तिथेच आहे, तेव्हा सगळ्यांनी अण्णांचं उड्डाण बघायचं आणि लगेच तिथेच त्यांचा सत्कार करायचा, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. शाल आणि नारळ घेऊन झाले होते. अण्णांचे वडील रामगोंडाआप्पाही बसमध्ये येणार होते. आप्पांचं वय ऐंशीच्या पुढचं आणि बोलणं करडं. त्यांनी मुलाचं कौतुक केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

शेवटी अण्णांनी प्रांजलला फोन लावला आणि आडवळणाने सुरुवात करून खरं काय ते सांगितलं.

“अण्णा, तुमी अजून उडला न्हाईसा, हे क्लबात सगळ्यांना ठावं हाय,” ती म्हणाली. “तुमच्या बुटाला माती लागती, पण तुमच्या हार्नेसच्या पट्ट्यांची घडीसुदीक मोडलेली न्हाई. आमी म्हटलं, अण्णा आपल्याला जेवाय घालत्यात, कशाला इचारा.”

अण्णांना हे ऐकून बरं वाटावं की वाईट, कळेना. प्रांजलने मात्र वाट काढली. दोन माणसांची मोठी छत्री असते. त्यात पाहुणा पुढे बसतो आणि चालवणारा मागे. छत्री ती चालवेल, अण्णांनी फक्त पळायचं आणि मग बसायचं. अण्णांनी हो म्हटलं, कारण दुसरं काही म्हणायला उरलं नव्हतं.

त्या दिवशी बस यायलाच उशीर झाला. बायका पायथ्याच्या शेतात उतरल्या तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. पीक काढून नेलेलं ते शेत क्लबाची उतरायची जागा होती. तानाजीराव तिथे वायरलेस घेऊन उभे होते. बायकांनी सतरंज्या अंथरल्या आणि दिवस बुडायच्या आत म्हणून आधी जेवून घेतलं. राजमतीबाईंनी नवऱ्यासाठी बिनलसणाच्या भडंगाची पुडी एका पोराबरोबर जीपने वर पाठवली. उतरायला उशीर झालाच तर तेवढाच आधार.

डोंगराच्या कडेवर दोघं दिसली तसा भाऊसोंनी माइक हातात घेतला. पुढे अण्णा, मागे एक मुलगी, हे पाहून त्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे जाहीर केलं, की अण्णा आज एका विद्यार्थिनीला शिकवणार आहेत. टाळ्या पडल्या. तानाजीराव नुसते खोकले.

वर प्रांजल म्हणाली, “पळा.” अण्णा पळाले. चार पावलांनी जमीन संपली, तरी ते पळतच होते. खालून बघणाऱ्यांना दोन जाड पाय हवेत झपाझप चाललेले दिसले, आणि एका बाईने शेजारणीला विचारलं, की उडताना असं पायांनी हाकावं लागतं काय?

मग अण्णा मागे रेलून बसले, आणि तिथे खरी गंमत झाली. प्रांजलचा वायरलेस तिच्या छातीच्या पट्ट्याला अडकवलेला होता. अण्णांची पाठ त्यावर अशी काही टेकली, की बोलायचं बटण दबलं ते दबलंच. वरचा शब्द न् शब्द तानाजीरावांच्या हातातल्या यंत्रातून खणखणीत ऐकू येऊ लागला. खालून मात्र काही सांगायची सोय उरली नाही. यंत्राचा आवाज कमी करणं तानाजीरावांना शक्य होतं. पण तोवर पहिला आवाज बाहेर पडला होता. तो होता णमोकार मंत्र, अतिशय वेगात म्हटलेला. सगळ्या बायका यंत्राभोवती सरकल्या. कुणी तरी भाऊसोंच्या हातातला माइक काढून बाजूला ठेवला.

मंत्र दोनदा झाल्यावर अण्णा म्हणाले, “प्रांजल, खाली घे. मला जमायचं न्हाई.”

“आत्ताच निघालोय अण्णा. डोळं उघडा की.”

“उघडलं न्हाईत हे तुला मागनं कसं दिसलं?”

शेतात हशा पिकला. भाऊसोंना अजून उलगडा होत नव्हता, पण तो लगेचच झाला. डोळे मिटून बसलेल्या माणसाचं तोंड चालू राहतं, तसं अण्णांचं झालं. आपण आज पहिल्यांदाच उडतोय, तीन वर्षं सगळ्यांना फसवलं, खाली बाप बसलाय आणि शाल घेऊन भाऊसो बसलाय, हे सगळं ते हवेला सांगू लागले. खाली कुणी हसेना. राजमतीबाई हातातला तांब्या तसाच धरून उभ्या होत्या.

प्रांजलने विचारलं, की मग फोटो लावला त्याच दिवशी काकीला का नाही सांगितलं?

“कसं सांगू?” अण्णा म्हणाले. “लगीन होऊन अठ्ठावीस वर्सं झाली. हळदीचा भाव सांगितला तर ती व्हय म्हणती, न्हाईतर गप. माझ्याबद्दल चारचौघात कवा चकार शब्द काढला न्हाई. आणि त्या फोटोखाली उभी राहून येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत हुती, हे आमचं मालक. मला तो काढू वाटंना बग.”

सगळ्या बायकांनी एकदम राजमतीबाईंकडे बघितलं. राजमतीबाईंनी तांब्यातलं पाणी जमिनीवर ओतून टाकलं, त्याला काही कारण नव्हतं.

तेवढ्यात वर हवा बदलली. दिवसभर तापलेली दरी थंड होऊ लागली की तिच्यातली ऊब हळूहळू वर चढते आणि छत्रीला अलगद उचलून धरते. दहा मिनिटांत उतरायची छत्री डोंगराच्याही वर गेली. यंत्रातून बराच वेळ नुसता वाऱ्याचा आवाज आला. मग अण्णांनी सांगितलं, की ते कण्हेरच्या धरणाचं पाणी आहे ना, आणि ती आपली बस, केवढीशी दिसतेय. प्रांजलने खाली घेऊ का विचारलं. अण्णा म्हणाले, “थांब की. घाई काय हाय?”

शेतात सावली पडली. सूर्य डोंगराआड गेला होता. पुढच्याच क्षणी यंत्रातून कागद फाटल्यासारखा आवाज आला आणि मागोमाग प्रांजलचं बोलणं, की अण्णा, जरा दमानं, सगळं भडंग माझ्या तोंडावर येतंय.

सतरंज्यांवर कुजबुज सुरू झाली. भाऊसो समाजाचे सेक्रेटरी, त्यांना गप्प बसता येईना. ते आप्पांजवळ जाऊन हळूच म्हणाले, की उड्डाणाचं एक असो, पण दिवस बुडाल्यावर खाणं म्हणजे फारच झालं. अण्णांच्या घरात असं कधी झालं नव्हतं. आप्पांनी काठी टेकून मान वर केली. खाली सगळी सावली, पण उंचावर लाल-पिवळी छत्री उन्हात चमकत होती, आणि तिच्याखाली लोंबकळणाऱ्या दोन ठिपक्यांवरही ऊन होतं.

“त्याच्या अंगावर ऊन हाय,” आप्पा म्हणाले. “खाऊ दे.”

भाऊसोंनीही वर बघितलं आणि ते पुन्हा जागेवर जाऊन बसले.

अण्णा उतरले ते बसूनच. पाय उचला म्हटल्यावर त्यांनी जरा जास्तच उचलले, आणि ढेकळांतून घसरत सतरंजीच्या काठाशी येऊन थांबले. कपड्यांना धसकटं, मिशीत मुरमुरा. सगळे आपल्याकडे असे का बघतायत हे त्यांना कळलं नाही. सवयीने ते वाऱ्याबद्दल बोलू लागले, की आज वायव्येचा होता म्हणून जरा वेळ लागला. तानाजीरावांनी हातातलं यंत्र त्यांच्यापुढे धरलं. त्यातून अण्णांचाच आवाज पुन्हा येत होता, वायव्येचा होता म्हणून. प्रांजलने मागून पट्टा सोडवला आणि आवाज बंद झाला.

अण्णांनी आधी यंत्राकडे, मग वडिलांकडे आणि सगळ्यात शेवटी बायकोकडे बघितलं. राजमतीबाई पुढे आल्या. त्यांनी पदराने त्यांच्या मिशीतला मुरमुरा झटकला. एवढ्या माणसांत त्या पहिल्यांदाच असं काही करत होत्या.

“लागलं न्हाई ना?” त्यांनी विचारलं.

अण्णांनी मान हलवली. शालीचं काय करायचं हा प्रश्न भाऊसोंपुढे उभाच होता. आणलेली शाल परत नेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी ती घाईघाईने प्रांजलच्या खांद्यावर घातली आणि नारळ अण्णांच्या हातात दिला. भाषण मात्र पाठ केलेलंच केलं, त्यामुळे आकाशाला गवसणी घालणाऱ्या या अडत व्यापाऱ्याबद्दल बोलताना ते प्रांजलकडे बघत होते. कुणी त्यांना थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस निघणार होती, पण राजमतीबाईंना उडताना बघितल्याशिवाय बायका चढेनात. राजमतीबाई पहाटेच उठून प्रांजलच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या होत्या. मला एकदा ने, एवढंच त्या म्हणाल्या. प्रांजलने त्यांना साडीवरून क्लबाची विजार चढवायला लावली, हेल्मेट घातलं आणि डोंगरावर नेलं. या वेळी खाली वायरलेस अण्णांच्या हातात होता. तो नीट चालत होता आणि त्यातून काहीच ऐकू येत नव्हतं, कारण राजमतीबाई वर एक शब्दही बोलल्या नाहीत. उतरल्यावरही बोलल्या नाहीत. घाबरली असेल म्हणून अण्णांनी विचारलं नाही.

बस कराडच्या पुढे आल्यावर खिडकीबाहेर बघता बघता त्या म्हणाल्या, “आवं, मेढ्यात एक बाई पत्र्यावर कुरडया वाळत घालत हुती. तिनं वर बघून मला हात केला. मी पट्टं गच्च धरलेलं, मला काय हात सोडवंना. तिला वाटलं असंल, बाई लय मिजासखोर हाय.”

अण्णांनी विचार केला. “फुडल्या म्हैन्यात क्लब परत तिथंच जाणार हाय.”

“ते घर सापडंल?”

“खालनं न्हाई सापडायचं,” अण्णा म्हणाले. “वरनं बगू.”