भरलेलं आणि रिकामं

…चाक मात्र झकास जमलं होतं. पुढचं, लहानसं, कच्च्या धावपट्टीवर टेकायचं म्हणून जरा जाडच. रबरावरची झीजसुद्धा भूपेंद्रने रंगवली होती. तरी संगणकाच्या पडद्यावर त्याने घडवलेलं ते विमान खरं वाटत नव्हतं, आणि का ते त्याला काल कुणीतरी परमुलखातून कळवलं होतं — खोट्या विमान कंपन्या चालवायच्या संगणकावरच्या एका खेळात जगभरचे हौशी लोक एकमेकांनी घडवलेली विमानं तपासत बसतात — की बाबा रे, काम सुरेख, पण तुझं विमान भरलेलं असो की रिकामं, उभं सारखंच राहतं.

ही चूक त्याच्या हातून व्हावी! पुरुषोत्तमनगरला कारखान्याच्या वजनकाट्यावर बसणारा माणूस तो. उसाची गाडी येताना भरलेली तोलायची, जाताना रिकामी… गाडी काट्यावर चढायच्या आधीच चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे किती दबलेत ते पाहून तो मनात आकडा धरायचा, आणि बहुधा चुकत नसे. आणि हे विमान तर ओझ्यासाठीच जन्मलेलं — खुर्च्या काढल्या की पोती, पोती काढली की आजाऱ्याची खाट. ते दबायला नको?

स्वयंपाकघरातून त्याची माय, कौसाबाई, म्हणाली, "भूपा, आज सुट्टी शे ना? म्हसावदले जाय, चेतनाले लई ये. बायको कितला दिन माहेरले राही?"

"जास," तो म्हणाला, आणि उठला नाही.

त्या दिवशी नदीकाठी खड्डा होईपर्यंत फडक्यात गुंडाळलेल्या पोरीचं गठुडं त्याच्याच हातांत होतं. डोळ्यांत टिपूस नाही. भूपेंद्र धीराचा, असं लोक म्हणाले, आणि त्यालाही ते बरं वाटलं होतं — लाज वाटावी इतकं बरं. चेतनाला मूल दाखवलंच नव्हतं. सातव्या महिन्यातच गेलेली पोर आईला दाखवू नये, असं घरच्या बायकांनी परस्पर ठरवून टाकलं. संध्याकाळी तिने त्याला विचारलं, "कशी व्हती ती?" आणि याच्या तोंडून निघालं, "सव्वा किलोनी व्हती."

दुष्टपणा नव्हता त्यात… हातांना दुसरं काही येतच नव्हतं. पण तोंडातून गेलेला शब्द कुठला परत यायला! चेतना भिंतीकडे वळली. पुढे माहेरी गेली. काल फोनवर एवढंच म्हणाली, "मी तुमले वजन नव्हतं विचारेल. सांगाले येशात तं या, नहीतं येऊ नका."

काय सांगणार? पाहिलं कुठे होतं त्याने…

त्याने विमानाच्या पुढच्या चाकाच्या दांड्यात दबण्याचं नवं गणित घातलं आणि विमानात पोती चढवली. नाक हळूच खाली आलं. बसलं. त्याने पोती उतरवली, तर नाक टुणकन वर — छे, असं नसतं! जुनी गाडी रिकामी झाली तरी पाटे तेवढे उठत नाहीत, ओझं उतरल्यावरही जराशी दबलेलीच जाते ती. तो नाक उसळण्याचा आकडा कमी करू लागला, अजून कमी, आणि का कोण जाणे, मध्येच नदीवरचा वारा आठवला… पोरीवरचं फडकं उडालं होतं. तेव्हा ते पुन्हा सारखं कुणी केलं? मीच. एका हाताने. म्हणजे मी पाहिलं होतं. कपाळावर चिकटलेलं दाट जावळ, आणि उजवा कान — वरच्या कडेला दुमडलेला, हुबेहूब चेतनाचा. पाहिलं, आणि त्याच क्षणी मनात आकडा धरला, म्हणजे दुसरं काही धरायला नको.

"निंघना का?" मायने विचारलं.

"निंघी ऱ्हायनू."

तो दारापर्यंत आला आणि चौकटीला हात लावून उभा राहिला. रडू येत नव्हतं. भीती वाटत होती, लहानपणी वाटायची तशी उघडी. कान सांगायचा की नाही? इतके दिवस सांगायला काही नाही म्हणून तो गेला नव्हता. आता होतं, आणि ते ऐकलं की चेतनाची पोर आज पहिल्यांदा चेहऱ्यासकट मरणार होती.