मधल्या खांबाजवळचं मडकं

गावातलं जुनं घर घ्यायच्या आधी ते मिस्त्रीला दाखवायचं, असं चंपतरावांनी ठरवलं तेव्हा कॉलनीतले लोक हसले. खापरखेड्याच्या वीजघरात पंचवीस वर्षं बॉयलरवर काढलेला माणूस. लोखंड तपासायची सवय असेल, पण मातीचं घर कोणी तपासून घेतं का? मातीचं घर दारातून पाहायचं, विहिरीचं पाणी पिऊन पाहायचं, शेजार कसा आहे ते विचारायचं आणि घ्यायचं.

मागच्या वर्षी गुढीपाडव्याला चंपतरावांनीही तसंच पाहिलं होतं. तेव्हा बायको, गोपिका, सोबत होती.

घर सावनेरच्या पुढे, बोरगावात होतं. तीन खोल्या, समोर ओसरीसारखी सपरी, वर कवेलूंचं छप्पर, मागे विहीर. घरधनीण जिजाबाई एकटीच होती. तिची मुलगी वर्ध्याकडे दिलेली, तिच्याकडे जाऊन राहायचं म्हणून ती घर विकत होती. गोपिकानं खोल्या धड पाहिल्याच नाहीत. ती सरळ मागच्या दारानं विहिरीवर गेली, दोर सोडला, बादली काढली आणि तिथूनच ओरडली, "अहो, हेच घर."

पंचवीस वर्षं ती कॉलनीच्या नळावर रांगेत उभी राहिली होती. पहाटे भांडं लावायचं, मागून कोणी आपलं भांडं पुढं सरकवलं की भांडायचं. आपल्या अंगणात आपल्या दोरानं पाणी काढायचं, एवढंच तिला हवं होतं.

निघायच्या आधी तिनं गावातल्या कुंभाराकडून एक नवं मडकं आणलं, विहिरीवर भरलं आणि मधल्या खोलीत, मधल्या खांबाच्या बुडाशी ठेवलं.

"माह्या माहेरी अशीच रीत हाय," ती म्हणाली. "बोलणं झालं की भरलं मडकं ठेवून जायचं. मग घर दुसऱ्याचं होत नाही. मावशी, मी राहाले येतवरी याले सुकू देऊ नोका बरं."

"नाही देत वं बाई," जिजाबाई म्हणाली.

ते वर्ष तसंच गेलं. उन्हाळ्यात गोपिकाच्या पोटात दुखायला लागलं. दवाखान्यातला कंपाउंडर पिवळ्या गोळ्या द्यायचा, त्यानं दोन दिवस बरं वाटायचं. आठ महिने चंपतराव त्या पिवळ्या गोळ्या आणत राहिले. शेवटी रामदासपेठेतल्या मोठ्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी पोटावर डाव्या हाताची बोटं ठेवली, उजव्या हाताच्या बोटानं त्यावर टकटक केलं, ऐकलं. मग चंपतरावांना म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर या." बाहेर व्हरांड्यात ते म्हणाले, "एवढे दिवस काय करत होता?"

पौषात ती गेली.

आता मे महिना संपत आला होता. नोकरी संपली होती आणि जूनच्या तीस तारखेला क्वार्टर सोडायचं होतं. जायचं तर बोरगावच्याच घरात, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. दुसरं कुठलं घर त्यांना दिसतच नव्हतं. पण या वेळी न तपासता काही करायचं नाही, हेही तितकंच पक्कं होतं. म्हणून ते इतवारीत गेले आणि लाकडाच्या गल्लीतून नत्थूजी मिस्त्रीला घेऊन आले. नत्थूजी सत्तरीचा सुतार होता, चष्म्याची एक काडी सुतळीनं बांधलेली. अर्धं आयुष्य त्यानं खेड्यातली घरं उभी करण्यात आणि उरलेलं ती सावरण्यात घालवलं होतं.

बसमध्ये चंपतराव त्याला म्हणाले, "मिस्त्री, सगळं पाह्यजा. काही सोडू नोका. आन जे दिसंल थे मले तिथल्या तिथं सांगजा. बाहेर नेऊन सांगू नोका."

"बाहेर काहून नेईन?" नत्थूजीला काही समजलं नाही, पण त्यानं मान हलवली.

बोरगावात पोचले तेव्हा जिजाबाईच्या शेजारचा गणपतराव आपल्या सपरीत तंबाखू मळत बसला होता. मिस्त्रीच्या पिशवीतून हातोडी, पटाशी आणि ओळंबा निघालेला पाहून तो मोठ्यानं म्हणाला, "काहो, घर पाहाले आले का बैल? दात मोजता का याचे?"

"बैल बरा गा," नत्थूजी ओळंब्याचा दोरा सोडवत म्हणाला. "बैल तोंड तरी उघडते. घर तोंड मिटून बसते, आन पडते तवा बोलते."

"आमच्या बुढ्यानं बांधून देलं हाय थे घर, त्याच्या हातचं!"

"मंग तर पाहाच लागंल. तुमचा बुढा तंबाखू मळत बांधत होता का बिना तंबाखूचा?"

गणपतराव हसला आणि उठून जवळ आला. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

नत्थूजीनं आधी घराला बाहेरून एक चक्कर मारली. लांब जाऊन, एक डोळा मिटून, छपराची वरची ओळ पाहिली. "आडं सरळ हाय," तो म्हणाला. चंपतरावांनी श्वास सोडला. मग भिंतीवरून ओळंबा सोडला. वरून खालपर्यंत दोरा भिंतीपासून सारख्याच अंतरावर राहिला. पुढचं दार त्यानं दहा वेळा उघडलं आणि लावलं. "चौकट हालली नाही. भिंत सरकली असती तं दार अडकलं असतं." शिडी लावून वर चढला, चार-पाच कवेलू काढून आतल्या लाकडी फाट्यांना पटाशी टोचून पाहिली आणि वरूनच ओरडला, "साग हाय, साग! कोणी चोरून आणला असंल, पण हाय पक्का."

"माह्या बुढ्यावर आळ घेऊ नोको गा," गणपतराव खालून म्हणाला.

जिजाबाई पदराला हात पुसत दारात उभी होती. पासष्टीची बाई, वाळलेली, पण घर असं ठेवलेलं की भिंतीला हात लावावा तर संकोच वाटावा. भिंती गुडघ्यापर्यंत पिवळ्या मातीनं पोतारलेल्या, वर पांढऱ्या. जमीन शेणानं सारवलेली, त्यावर बोटांच्या अर्धगोलांची नक्षी अजून ताजी.

"पाहुणे येनार म्हणून सकाळीच सारवलं," ती म्हणाली. "चहा ठेवू का, भाऊ?"

"ठेवा," चंपतराव म्हणाले. त्यांना एकदम बरं वाटायला लागलं होतं. कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं तसं. मागच्या दारातून विहीर दिसत होती. त्यांना वाटलं, क्वार्टरमधून खाट, दोन ट्रंका, गोपिकाची पितळेची गुंडी, एवढंच आणायचं. एका खेपेत होईल.

मग नत्थूजी मधल्या खोलीत शिरला.

मधल्या खोलीत घराचा मधला खांब होता. त्यावर मयाल, म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेलं जाड लाकूड, आणि मयालीवर सगळं छप्पर. खांबाच्या एका बाजूला भिंत होती, आणि खांब व भिंत यांच्या कोपऱ्यात ते मडकं होतं. तोंडावर झाकणी, झाकणीवर तांब्याचा पेला. मडकं भरलेलं होतं. त्याच्या अंगभर ओलावा चमकत होता.

चंपतराव त्याच्याकडे पाहत राहिले. ते त्याला पार विसरून गेले होते.

"मावशी, हे..."

"तिचंच हाय," जिजाबाई म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ भरतो. एक दिवस सुकू देलं नाही. पोळ्याले ताप होता तवा या गणपतच्या बायकोनं भरलं."

"पण ती गेल्यावर..."

"हो, तुमचा निरोप आला होता." जिजाबाईनं पदर सावरला. "ती म्हणाली होती, मी येतवरी सुकू देऊ नोका. गेल्यावर काय करायचं थे सांगितलं नव्हतं. मी कोणाले विचारू? मंग भरत राह्यलो."

चंपतरावांनी झाकणीवरचा पेला उगाच सरळ केला.

नत्थूजी खाली बसला होता. त्यानं खांबावर वरच्या बाजूला हातोडीच्या दांड्यानं ठोकलं. टण. थोडं खाली ठोकलं. टण. गुडघ्याच्या खाली ठोकलं. डब.

त्यानं मान वर न करता पुन्हा ठोकलं. डब. मडक्याच्या मागच्या भिंतीवर तळवा ठेवला, मग नखानं पोतारा खरवडला. ताज्या पिवळ्या मातीखाली जुना पोतारा होता, त्याखाली आणखी एक, सगळे ओले. खाली माती लोण्यासारखी मऊ होती. पटाशी मुठीपर्यंत आत गेली. मग त्यानं खांबाच्या बुडाला पटाशी लावून जरासं उचकटलं. लाकडाची कातडी निघाली, आत मातीच्या बारीक नळ्या दिसल्या आणि त्यातून पांढऱ्या उधया, वाळवीचे किडे, वळवळत बाहेर आल्या.

गणपतरावला तोंडातला तंबाखू थुंकायचा होता, पण तो तसाच उभा राहिला.

नत्थूजी शिडी आत घेऊन वर चढला. मयालीला खांबाजवळ ठोकलं. डब. हातभर पुढं सरकून ठोकलं. डब. आणखी पुढे गेल्यावर कुठं टण आलं.

तो खाली उतरला, चष्मा काढून धोतराला पुसला आणि म्हणाला, "चंपतराव, चला जरा बाहेर."

"इथंच सांगा," चंपतराव म्हणाले.

नत्थूजीनं आतल्या चुलीशी चहा गाळणाऱ्या जिजाबाईकडे पाहिलं.

"इथंच सांगा, मिस्त्री. तुमाले बसमधीच सांगितलं होतं."

"उधईले ओल पायजे," नत्थूजी हळू म्हणाला. "बाहेरच्या चारही भिंती कोरड्या, म्हणून कुठंच नाही. इथं वर्षभर ओल भेटली. खालून आली, खांब खाल्ला, खांबातून मयालीत गेली. भिंतीचा पाया बी मऊ झाला हाय. वरून पोतारा बसत गेला म्हणून दिसलं नाही."

चहाची ताटली घेऊन आलेली जिजाबाई जागच्या जागी थांबली.

"म्हणजे माह्या हातानं झालं का?"

नत्थूजी पटाशीची माती पुसत राहिला.

"मडकं झिरपतेच, मावशी," चंपतराव शेवटी म्हणाले. "न झिरपंल तं पाणी थंड कसं होईन?" मग नत्थूजीकडे वळून म्हणाले, "खांब बदलू आपण. एक खांब तं हाय."

"एक खांब असता तं मी संध्याकाळपर्यंत बदलून देला असता. मयाल बदला लागंल. एवढ्या लांबीचा साग आता डेपोत भेटत नाही. आन मयाल काढाची म्हणजे छप्पर उतरवा, भिंत पाडा. म्हणजे घर नवंच बांधा. तुमच्याच्यानं घर घेणंही आन बांधणंही, दोन्ही होते का?"

"नाही होत."

"एक पाऊस झेलंल हे. दुसऱ्याची मी हमी देत नाही."

"उधईची दवा भेटते. आमच्या तिकडं स्टोअरमधी..."

"दवा कीड मारते. खाल्लेलं लाकूड भरून देत नाही."

"एकडाव पुन्हा वाजवून पाहा."

"चंपतराव..."

"पाहा ना, मिस्त्री. वर पाहा. तिकडून पाहा."

नत्थूजीनं वाद घातला नाही. म्हातारा पुन्हा शिडीवर चढला आणि मयालीवर या टोकापासून ठोकत गेला. टण, टण, टण, डब, डब. चंपतराव मान वर करून ऐकत होते. डॉक्टरांची बोटं त्यांना आठवत होती, आणि तेव्हाही आपण असेच पलंगाच्या पायथ्याशी कान देऊन उभे होतो, हे आठवत होतं. त्या वेळी उशीर झाला होता. या वेळी वेळेवर आलो, सगळं तपासलं, तरी हेच.

"आधी थे मडकं उचला तिथून," नत्थूजी वरूनच म्हणाला. "घर कोणी का घेईना, ओल थांबली पायजे."

जिजाबाईनं ताटली खाली ठेवली, पण मडक्याला हात लावला नाही. "तुमीच उचला, भाऊ. तिनं ठेवलं, मी कशी उचलू?"

चंपतरावांनी वाकून दोन्ही हातांनी मडकं उचललं. खाली शेणाच्या जमिनीवर काळा ओला गोल उमटला होता, मधोमध खोलगट झालेला. भरलेलं मडकं जड होतं. ते छातीशी धरून ते सरळ झाले आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, हे ठेवायचं कुठं? या खोलीत दुसऱ्या कोपऱ्यात ठेवलं तर घर आपलं राहील, आणि घर तर घेता येत नाही. बाहेर ठेवलं तर गोपिकाचं बोलणं आपणच मोडल्यासारखं होईल. ते तसेच उभे राहिले. हात भरून आले. पाणी हिंदकळून सदऱ्यावर सांडलं.

"ठेवा ना, भाऊ," जिजाबाई म्हणाली.

"हो."

"कुठंही ठेवा."

"हो," ते म्हणाले, आणि उभेच राहिले.

शेवटी गणपतराव पुढं झाला. त्यानं काही थट्टा केली नाही. चंपतरावांच्या कोपराला हात लावून त्यानं त्यांना मागच्या दारानं हळूहळू विहिरीपर्यंत नेलं. तिथं चंपतरावांनी मडकं तिरपं केलं. चौदा महिने सुकलं नव्हतं, ते पाणी दगडावरून वाहून मिरचीच्या वाफ्यात गेलं.

"थे घेऊन जा," जिजाबाई दारातून म्हणाली. "इथं ठेवू नोका. मले रोज भरावं वाटंल."

चहा कोणी प्यालं नाही. जिजाबाई पायरीवर बसली होती. तिची वर्ध्याला जायची ट्रंक आतल्या खोलीत दोरीनं बांधून ठेवलेली चंपतरावांना दिसत होती. तिच्या घरात काय निघालं, ते उद्यापर्यंत गावभर होणार होतं. त्यांनी नमस्कार केला. तिनंही केला.

बसमध्ये नत्थूजी खिडकीशी बसला. सावनेर मागे पडलं.

"मी आणखी घरं दाखवतो तुमाले," मग नत्थूजी म्हणाला. "पाटणसावंगीकडं दोन हायेत."

"विहीर हाय का?"

"एकात हाय."

चंपतरावांनी मान हलवली, पण जायचं की नाही ते बोलले नाहीत. तिकीट फाडता फाडता कंडक्टर म्हणाला, "काका, मडकं खाली ठेवा, जागा हाय."

"असू द्या."

रिकामं असलं तरी मडक्याचं बूड अजून ओलं होतं. ते त्यांनी मांडीवर धरलं होतं, आणि खापरखेड्याची चिमणी दिसायला लागेपर्यंत ओल धोतरातून आत उतरत राहिली.