काल वाजली, आज वाजते का?

बाळांनो, डोळे मिटा आणि एक मोठी लाल गाडी समोर आणा. तिचे सगळे कप्पे उघडे आहेत. आग कुठेच लागलेली नाही, तरी पाच जवान एकेक वस्तू हातात घेऊन, चालवून बघताहेत आणि मोठ्यांदा ओरडताहेत. "बॅटरी! लागते!" "करवत! चालते!"

दिसलं? त्या सकाळी भिंगरीही हेच बघत होती. नऊ वर्षांची पोर, एका जागी म्हणून ठरायची नाही, त्यावरून हे नाव. त्या जवानांमध्ये तिचा मामा होता. भिंगरीशेजारी आई उभी होती, एकेका वस्तूकडे निरखून बघत.

आई इस्पितळात तातडीच्या विभागात नर्स होती. चार दिवसांपूर्वी तिथे घशात बघायचा दिवा ऐन वेळी लागलाच नाही. दुसरा आणेपर्यंत एका आजोबांचे प्राण कंठाशी आले. वाचले, पण थोडक्यात. तपासणीच्या कागदावर मात्र दिव्यापुढे 'बरोबर'ची खूण होती. ती आईनेच केली होती, कप्पा न उघडता.

मामाने शिट्टी हातात घेतली. "मामा, शिट्टी तर तू कालही वाजवलीस!" भिंगरी म्हणाली.

"काल वाजली गं. आज वाजते का, हे कोण सांगणार?" मामाने अशी शिट्टी फुंकली की भिंगरीने कान झाकले.

"आणि कागद कधी भरता?" आईने विचारलं.

"आधी हात, मग तोंड, सगळ्यात शेवटी पेन. समजलं ना, ताई?"

आई तिथून थेट मोठ्या डॉक्टरांकडे गेली. चूक कबूल केली आणि म्हणाली, "दर पाळीला आम्हीही असंच तपासू."

"एक आठवडा देतो," डॉक्टर म्हणाले. "नुसताच गोंगाट झाला, तर बंद."

पहिल्या दिवशी वॉर्डबॉय काकांनी टोमणा मारलाच. "सिस्टर, डोक्यावर लाल टोपीपण घालू का?" सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली. आईने कप्पा उघडला. "दिवा! लागतो!" तिसऱ्या दिवसापासून सगळ्यात मोठा आवाज काकांचाच.

सहाव्या दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर भिंगरी विभागाबाहेरच्या बाकावर बसली होती. पाळी बदलत होती. आतून आईचा आवाज आला.

"दिवा!"

मग काहीच नाही. भिंगरीचे हलणारे पाय थांबले.

"दिवा! लागत नाही!"

काका धावले. नवे सेल आले. "दिवा! लागतो!"

दहा मिनिटंही झाली नसतील, एक बाप चार वर्षांच्या लेकाला उचलून पळत आला. पोराचे ओठ निळे पडले होते. "बटण गिळलंय हो!"

दार बंद झालं. आतून डॉक्टर ओरडले, "दिवा!" आणि लगेच, "हां, दिसलं... चिमटा!"

भिंगरीने उठून दाराला कान लावला.

आणि मग त्या पोराने असं भोकाड पसरलं, की मामाच्या शिट्टीनेही लाजावं! बाप रडत होता, हसत होता. काका तर चक्क नाचले.

घाम पुसत डॉक्टर बाहेर आले. "सिस्टर, तो आठवडा विसरा."

आईचा चेहरा पडला. "बंद करायचं?"

"बंद? उद्यापासून सगळ्या विभागांत! आणि सुरुवात माझ्यापासून."

आईने भिंगरीकडे पाहिलं. भिंगरी मात्र केव्हाच कामाला लागली होती. तिने दप्तर बाकावर उपडं केलं, एक वस्तू उचलली, कागदावर ओढून पाहिली आणि सगळ्या इस्पितळाला ऐकू जाईल अशी ओरडली,

"पेन्सिल! चालत नाही!"

आणि ती टोकयंत्र शोधू लागली.