जिभेवरचे दोन थेंब

"आली! चव आली!" असं ओरडत निवृत्त हेडमास्तर खुर्चीवरून उठले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्या माणसाने आयुष्यभर पोरांकडून पाढे घोकून घेतले, तो आता तोंडात धातूची चव आली म्हणून डोळे पुसत होता. मी दाराशी उभा राहून दातओठ खात होतो.

व्यासपीठावर खनिजगुरू. जटा नाहीत, दाढी नाही. अंगात सूट, तोही खांद्यात ढगळ. मी शिंपी आहे, एवढं माझ्या नजरेतून सुटत नाही.

"म्हातारपण म्हणजे काय हो?" तो माईक तोंडाला लावून विचारायचा. "शरीराची खाण रिकामी होणं! जस्त संपलं की माणूस संपला! खाण भरा, वय उतरवा!"

परीक्षा काय, तर जिभेवर दोन थेंब. नव्या माणसाला कसलीच चव लागायची नाही. "बघा, खाण रिकामी!" मग गुरूची जस्ताची पूड रोज पाण्यातून घ्यायची. काही आठवड्यांनी छातीला निळी फीत लावून पुन्हा वर जायचं आणि काय नवल, तेच दोन थेंब आता खिळा चाटल्यासारखे लागायचे. "भरली खाण!" की लोक गहिवरलेच.

आमची ताईही त्यातलीच. दुकानात मी कपडे बेततो, ती शिवते. आईमागे तिनेच मला वाढवलं, त्यामुळे तिच्यापुढे माझा आवाज चढत नाही. पायमशीनवर तिच्या तोडीचं कोणी नव्हतं. नुसत्या तळव्याने ती मशीनचा वेग असा सांभाळायची, की बघत राहावं.

एक दिवस शर्ट शिवता शिवता ती माझ्याशी बोलायला वळली आणि मशीन चालूच राहिलं. बाही पाठीला शिवली गेली.

"अगं ताई, पाय!"

"थांबवलाय की रे," ती म्हणाली. पाय पायडलवर हलतच होता. मी वाकून हातानेच चाक अडवलं.

बधिरपणा हळूहळू घोट्यांवर चढला. ताई भिंतीला धरून चालू लागली. मी गुरूला गाठलं तर म्हणतो, "उत्तम! म्हातारपण पायांवाटे बाहेर पडतंय. मात्रा दुप्पट करा." ताईने केली. मी ओरडलो, रुसलो, पुडीचा डबा लपवला. तिने दुसरा आणला.

शेवटी तिला ओढत डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं आणि चष्मा काढून ठेवला. "जस्त शरीराला लागतंच. उतारवयात काहींना ते कमीही पडतं. पण लागतं ते कणभर. अति झालं की ते तांब्याला रक्तात शिरू देत नाही. आणि तांबं नसलं की मज्जातंतू खराब होतात. ही पूड आजच बंद करा."

"यांना एवढं रक्त काढून कळलं," बाहेर येताच ताई म्हणाली. "गुरूंनी दोन थेंबांत ओळखलं होतं."

आता काय डोकं फोडून घ्यायचं? मी म्हटलं, "ताई, एक पैज. पुढच्या सभेत तुझी फीत मी लावतो, तू बिनफितीची जा. तुला चव लागली आणि मला नाही, तर मी हरलो. मग मीही पूड खाईन." मला पूड खाऊ घालायची तिला केवढी हौस! लगेच तयार झाली.

सभेला ही गर्दी. चेहरे लक्षात ठेवायला गुरूला सवड कुठली? त्याने माझी फीत बघितली आणि जिभेवर थेंब टाकले. तुरट, कडवट, अगदी खिळा. "भरली खाण!" मागोमाग ताई. गुरूचा हात टेबलाखाली जाऊन आला. तिने जीभ टाळ्याला लावून पाहिली, पुन्हा लावली. चेहरा उतरला. "नुसतं पाणी आहे रे," ती हळूच म्हणाली.

"खाण रिकामी!" गुरू गरजला.

मी माईक हिसकावला. "अहो, मी आजवर या पुडीला हात लावला नाही! आणि ही माझी बहीण वर्षभर खातेय! फीत नसेल तर साधं पाणी, फीत असेल तर जस्ताचं. बाटल्या दोन आहेत, बघा!" टेबलाखालची बाटली उचलून मी ताईच्या जिभेवर थेंब टाकले. तिचं तोंड वाकडं झालं.

गुरू मंद हसला. "ज्याच्या मनात कपट, त्याच्या जिभेवर खनिज खेळ करतं."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! हेडमास्तर सगळ्यांत मोठ्याने ओरडले, "बाहेर काढा याला!" आम्हाला धक्के मारून बाहेर काढलं.

ताईला मात्र पटलं. तिने पूड सोडली, डॉक्टरबाईंचं औषध घेतलं. रक्त सुधारलं, पाय नाही. "आहे त्याहून बिघडणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गेलेलं परत येईलच असं सांगता येत नाही." ताई आता बसून बटणं लावते. परवा रस्त्यात मला विचारते, "अरे, माझ्या पायात दोन्ही चपला आहेत का बघ." एक मागेच राहिली होती. ती आणायला मी वळलो आणि तिथेच मला रडू फुटलं.

गावभर आता एकच बोलणं: अर्धवट सोडलं, म्हणून तिचे पाय गेले. कालच हेडमास्तर दुकानात येऊन मला सुनावून गेले. "मी बघ, नेटाने चालू ठेवलंय!" आणि हे सांगताना त्यांनी दाराची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"मास्तर, तुमच्या पायांना मुंग्या येतात का हो?"

"येतात की! म्हातारपण उतरतंय!" ते आनंदाने म्हणाले.

मी त्यांचे पाय धरले, रक्त तपासून घ्या म्हणून विनवलं. ते हसत, अडखळत निघून गेले. माझं गावात कोणी ऐकत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. जस्त, तांबं डाळी-धान्यांतून मिळतं. कमी पडतंय असं वाटलं तर तपासून घ्या, मगच औषध घ्या. आणि कोणी तुमच्या जिभेवर थेंब टाकून तुम्हाला रिकामं ठरवलं, तर टेबलाखाली वाकून बघा. पायांत बळ आहे तोवरच वाकता येतं.